स्वतःच्याच गावाचा व्हिसा

1906च्या सुमारास वर्ध्याच्या खानखोज्यांचा पांडुरंग बोटीत बसून जपानकडे निघून गेला. तेव्हा त्याच्याजवळ पासपोर्ट नव्हता. यात धाडस नव्हतं आणि गुन्हाही नव्हता. हिंदुस्थानातून स्वतःच्या पैशानं बाहेर पडणाऱ्या माणसाकडे पासपोर्ट मागायचा रिवाजच तेव्हा नव्हता. तिकीट काढायचं, वळकटी बांधायची, आणि पलीकडच्या बंदरावरच्या अधिकाऱ्यानं उतरू दिलं की उतरायचं. कागद लागे तो गिरमिटियाला. मॉरिशसला, फिजीला, त्रिनिदादला ऊस तोडायला जाणाऱ्या मजुराची मात्र पक्की नोंद होई: बापाचं नाव, जात, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. ज्याला पाठवायचं त्याची नोंद, आणि जो आपल्या पायानं जाई त्याची कोणाला फिकीर नाही, असा तो कारभार होता.

पुढे स्वातंत्र्य आलं. हाच पांडुरंग, आता डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे, मेक्सिकोतला नावाजलेला कृषिशास्त्रज्ञ, मायदेशी यायला निघाला तेव्हा मात्र व्हिसा मागावा लागला. आणि तो नाकारला गेला. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव होतं; इंग्रज गेले, यादी राहिली. नंतर हा नकार मागे घेण्यात आला, ही गोष्ट वेगळी. पण व्हिसा परक्याला लागतो. ज्या देशासाठी माणूस चाळीस वर्षं बाहेर राहिला, त्याच देशाच्या दारात त्याला परका म्हणून अर्ज करावा लागला.

या दोन प्रवासांच्या मध्ये पासपोर्ट नावाची वस्तू जन्माला आली, वाढली आणि आपल्या कपाटातल्या फायलीत येऊन बसली. ती कशी आली हे समजून घ्यायला नागपुरात बसून खानखोज्यांचा माग काढण्याइतका सोपा रस्ता मला दुसरा दिसत नाही. प्राथमिक शिक्षण वर्ध्याला आणि पुढचं नागपुरात झालं, टिळकांच्या राजकारणानं मन पेटलं, आणि शेवटी देह ठेवला तोही नागपुरातच. मधलं जवळजवळ अर्धं शतक या माणसानं सरहद्दी ओलांडण्यात घालवली.

जपानहून ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. शिकायचं होतं लष्करी शास्त्र आणि शेतीशास्त्र, दोन्ही. माऊंट तमालपाइस या कॅलिफोर्नियातल्या लष्करी शाळेत त्यांनी कवायत केली, आणि वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून 1913 साली शेतीची पदवी घेतली. त्याच किनाऱ्यावर लाकडाच्या गिरण्यांत आणि फळबागांत पंजाबी शेतकरी राबत होते. त्यांच्यातून, लाला हरदयाळांच्या लेखणीतून आणि सोहनसिंग भकनांच्या पुढाकारातून 1913 मध्ये गदर पक्ष उभा राहिला. संस्थापकांत हा वऱ्हाडी-नागपुरी भाषेच्या मुलखातला तरुण होता. कर्तारसिंग सराभा होता. पुढे तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळेही त्यात आला.

पासपोर्टचं बीज नेमकं याच किनाऱ्यावर पडलं, जरा उत्तरेला, कॅनडात. हिंदी मजूर येऊ नयेत असं कॅनडाला वाटत होतं, पण हिंदी माणूसही ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन; त्याला रंगावरून अडवतो असं उघड म्हणता येईना. म्हणून 1908 मध्ये नियम निघाला की येणाऱ्यानं आपल्या जन्मदेशातून एकाच सलग प्रवासानं, तिथेच काढलेल्या तिकिटावर आलं पाहिजे. हिंदुस्थानातून कॅनडाला सरळ येणारी बोट अशी नव्हतीच. त्यातून आशियातून येणाऱ्यांनी दोनशे डॉलर जवळ दाखवायचे. नियमात हिंदी हा शब्द कुठे नाही, आणि नियम लागतो तो हिंद्यांनाच. कारकुनी अकलेचा हा नमुना मला अजून थक्क करतो. या काळात कॅनडाकडून अशीही मागणी होत होती की हिंदुस्थान सरकारनंच आपल्या बाजूनं पासपोर्ट सुरू करून माणसं निघतानाच अडवावीत. हिंदुस्थान सरकार तेव्हा कां कू करत राहिलं. प्रजेच्या येण्याजाण्यावर उघड बंदी घातली तर लोक बिथरतील, ही भीती होती.

मग 1914 उजाडलं. 23 मे रोजी 'कोमागाता मारू' ही जपानी बोट 376 प्रवासी घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आली. आधीपासून तिथे राहणारे थोडके लोक सोडले तर कोणालाही उतरू दिलं नाही. दोन महिने बोट बंदरात उभी होती. 23 जुलैला तिला परत फिरवलं. ती कलकत्त्याजवळ बजबजला पोचली तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि युरोपात महायुद्ध पेटलं होतं. धक्क्यावर गोळीबार झाला, माणसं मेली.

त्या बोटीची वाट पाहतानाच सरकारची भीती उलटी फिरली होती. बाहेर जाणाऱ्यांची चिंता गेली, परत येणाऱ्यांची सुरू झाली. गदरचे लोक हिंदुस्थानात उठाव करायला अमेरिकेहून, हाँगकाँगहून बोटी भरून निघाले होते. सप्टेंबर 1914 मध्येच एक वटहुकूम निघाला: हिंदुस्थानात येणाऱ्या कोणालाही सरकार अडवू शकेल, स्थानबद्ध करू शकेल. 1915 मध्ये भारत संरक्षण कायदा आला, त्याच्या पोटातून पासपोर्टचे नियम निघाले, आणि युद्ध संपल्यावर ते तात्पुरते नियम 1920च्या इंडियन पासपोर्ट ॲक्टनं कायमचे झाले. हा कायदा नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. तो देशाबाहेर जाण्याविषयी जवळजवळ काही बोलतच नाही. सगळा भर आत येण्यावर. आपण पासपोर्ट जाण्यासाठी काढतो. आपल्याकडे तो आला तो येणाऱ्याला दारात थांबवण्यासाठी.

त्याच 1920च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघानं पॅरिसला परिषद भरवून सगळ्या जगासाठी पासपोर्टचा एक साचा ठरवला, बत्तीस पानांच्या पुस्तकाचा. युद्धापुरती आलेली ही भानगड शांतता आली की जाईल, असं तेव्हा शहाण्या माणसांना खरंच वाटत होतं. पुस्तक राहिलं.

गदरवाल्यांपैकी पिंगळे परत आले होते. नोव्हेंबर 1914 मध्ये ते हिंदुस्थानात उतरले आणि वर्षभरानं, 16 नोव्हेंबर 1915 रोजी, सराभांबरोबर लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. खानखोजे दुसऱ्या वाटेनं निघाले होते: तुर्कस्तानातून इराणात, तिथून बलुचिस्तानमार्गे हिंदुस्थानच्या दाराशी. जर्मनांच्या मदतीनं, सूफी अंबाप्रसादांच्या साथीनं, इराणातल्या टोळ्यांत राहून त्यांनी ब्रिटिशांच्या फौजेतल्या हिंदी शिपायांपर्यंत पत्रकं पोचवली. सरहद्दीपर्यंतची ही वाट शेवटी अडली आणि युद्ध जर्मनी हरली. या साऱ्या काळात त्यांनी किती नावं घेतली आणि टाकली, त्याचा हिशेब ठेवणं कठीण आहे. त्या पिढीतल्या फरारी हिंद्यांना खोटं नाव हेच पारपत्र होतं. ('पारपत्र' हा आपला सरकारी मराठी शब्द, तो कचेरीच्या पाटीवर दिसतो, माणसाच्या तोंडी मी अजून ऐकलेला नाही.) मानवेंद्रनाथ रॉय यांचं उदाहरण याहून बहारदार आहे. ते मेक्सिकोहून मॉस्कोकडे निघाले ते मेक्सिको सरकारनं दिलेल्या राजनैतिक पासपोर्टवर, आणि त्यावर नाव होतं रोबर्तो आलेन्यी व्हिया गार्सिया. नरेंद्रनाथ भट्टाचार्य या बंगाली ब्राह्मणाचं हे आणखी एक नाव.

1921च्या सुमारास खानखोजे बर्लिनमध्ये होते. तिथून वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त या क्रांतिकारकांबरोबर मॉस्कोलाही जाऊन आले. पण पुढे काय? हिंदुस्थानचं दार बंद. अमेरिकेत परत जावं, तर 1917च्या कायद्यानं आशियाचा मोठा पट्टा प्रवेशाला वर्ज्य ठरवला होता, आणि फेब्रुवारी 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद खटल्यात निकाल दिला की हिंदी माणूस 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्यांचंही नागरिकत्व त्यानंतर काढून घ्यायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातल्या दिवसांत खानखोज्यांची काही मेक्सिकन क्रांतिकारकांशी मैत्री जुळली होती. त्यांच्या देशात आता क्रांती जिंकली होती. 1924 मध्ये ते मेक्सिकोला गेले.

आणि इथे या कथेतला क्रांतिकारक मागे पडून शेतकरी पुढे येतो. मेक्सिको शहराजवळ चापिंगोला तेव्हा राष्ट्रीय कृषी विद्यालय होतं. तिथे ते प्राध्यापक झाले. मका हा त्या देशाचा देव, आणि खानखोज्यांनी हात घातला तो मक्यालाच. दुष्काळात, थंडीत तग धरतील अशी वाणं तयार केली. मक्याचा रानटी भाऊबंद असलेल्या तेओसिंतेशी संकर करून पाहिले, गव्हावर, डाळींवर, रबरावर काम केलं. पण मला त्यांच्या कामातला सगळ्यात मोठा भाग वाटतो तो मोफत शेतीशाळांचा. ज्यांना जमीन नुकतीच मिळाली होती आणि अक्षरं मिळाली नव्हती, अशा शेतकऱ्यांसाठी त्यांनी गावोगाव 'एस्क्वेला लिब्रे' उघडल्या. बियाणं कसं निवडायचं हे हातात कणीस देऊन शिकवायचं. या शाळांची आणि मक्याच्या प्रयोगांची छायाचित्रं तीना मोदोत्तीनं काढली, जिची छायाचित्रं आता जगातल्या मोठ्या संग्रहालयांत टांगलेली असतात. चित्रकार दिएगो रिव्हेरा चापिंगोच्या प्रार्थनागृहाच्या भिंती त्याच वर्षांत रंगवत होता. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत त्याचं 'आमची भाकरी' नावाचं भित्तिचित्र आहे: मेजाभोवती माणसं बसली आहेत आणि मधला सावळा माणूस पाव मोडून देतो आहे. तो खानखोजे. वर्ध्याच्या माणसाचं याहून सुंदर ओळखपत्र कोणत्याही सरकारनं दिलेलं नाही.

1936 मध्ये त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन बाईंशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, नावं सावित्री आणि माया. मायदेशी येण्याची इच्छा होतीच. पण इंग्रज येऊ देईनात. सावित्री साहनी यांनी वडिलांचं जे इंग्रजी चरित्र लिहिलं त्याचं शीर्षकच 'आय शॅल नेव्हर आस्क फॉर पार्डन' असं आहे. मराठीत वीणा गवाणकरांचं 'नाही चिरा...' आहे. दोन्ही शीर्षकं शेजारी ठेवली की एका आयुष्याच्या दोन बाजू कळतात. आधी माफी मागितली नाही, नंतर चिरा बसला नाही.

इतर निर्वासितांची दैवं वेगवेगळी निघाली. लाला हरदयाळांना 1938 मध्ये परत यायची परवानगी मिळाली, पण मार्च 1939 मध्ये ते फिलाडेल्फियातच वारले. बरकतुल्लांनी 1927 मध्येच परदेशात डोळे मिटले, रासबिहारी बोसांनी जानेवारी 1945 मध्ये टोकियोत. राजा महेंद्र प्रताप 1946 मध्ये मद्रासच्या बंदरात उतरले. सरदार अजितसिंग मार्च 1947 मध्ये आले आणि 15 ऑगस्टच्याच दिवशी डलहौसीला गेले. खानखोज्यांच्या वाट्याला आला तो त्या काळ्या यादीचा घोळ. त्यात दुष्टावा होता असं मला वाटत नाही. सत्तांतरात माणसं बदलतात, कपाटं बदलत नाहीत. एका कारकुनानं लाल शाईनं लिहिलेलं नाव दुसरा कारकून तशाच श्रद्धेनं पुढच्या वहीत उतरवून घेतो. त्यातून भारत आणि मेक्सिको यांच्यात राजनैतिक संबंध जुळले तेच 1 ऑगस्ट 1950 ला. 1949 मध्ये मेक्सिकोत भारताची वकिलातच नव्हती, की जिथे जाऊन माणसानं टेबलावर हात आपटावा.

त्याच 1949 मध्ये ते भारतात आले, बोलावणं होतं मध्य प्रांत आणि वऱ्हाड सरकारचं. प्रांताच्या शेतीचं धोरण ठरवणाऱ्या समितीचं काम त्यांच्याकडे दिलं होतं. एका हाताला हे निमंत्रण, दुसऱ्या हाताला ती यादी. काम करून ते मेक्सिकोला परत गेले, आणि 1955 मध्ये कायमचे नागपुरात राहायला आले.

आता नागपूरकडे वळतो, कारण त्या दोन-चार वर्षांत या शहरात अशी एक गोष्ट घडली जी नागपूरकरांनाही फारशी ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धापासून पासपोर्ट देण्याचं काम प्रांतिक सरकारांकडे होतं. म्हणजे आमच्याकडे ते सिव्हिल लाइन्समधल्या सचिवालयातून चाले. घटनेनं हा विषय केंद्राकडे दिला तरी केंद्राच्या वतीनं राज्यंच तो सांभाळत राहिली. 1954 मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं स्वतःच्या प्रादेशिक पासपोर्ट कचेऱ्या उघडल्या. साऱ्या देशात मिळून पाच: मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास आणि नागपूर. अहमदाबाद नाही, बंगलोर नाही, हैदराबाद, लखनौ नाही. जहाज नाही, समुद्र नाही, परदेशाला जाणारं विमान नाही, असं नागपूर.

हीच पाच नावं ओळीनं आणखी एका ठिकाणी येतात. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास इथून डकोटा विमानं रात्री उठत, मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, पोती आणि प्रवासी अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. चार कोपरे आणि एक मध्य, असा देशाचा नकाशा त्या काळच्या अधिकाऱ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असणार, असा माझा तर्क आहे. शिवाय नागपूर तेव्हा राजधानी होतं, देशातल्या क्षेत्रफळानं मोठ्या अशा मध्य प्रदेशाची. 1 नोव्हेंबर 1956 ला ती राजधानी गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि नागपूरच्या वाट्याला पुढे नागपूर करारातलं हिवाळी अधिवेशन उरलं. आज देशात तीसहून जास्त पासपोर्ट कचेऱ्या आहेत. पहिल्या पाचांतलं नागपूर हे एखाद्या जुन्या घराण्याच्या दिवाणखान्यातल्या झुंबरासारखं. आहे, पण पाहुण्याला मुद्दाम दाखवावं लागतं.

खानखोजे आले तेव्हा ही कचेरी जेमतेम वर्षाची होती. पण तिथे जाऊन कोणी 'माझा हक्क आहे' असं म्हणू शकत नव्हता. हक्क नव्हताच. पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरवणारा देशाचा एकही कायदा नव्हता. 1920चा कायदा होता तो येण्याचा. जाण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा नव्हता, पण तो नसेल तर विमान कंपनी तिकीट देत नसे, म्हणजे सक्तीच. आणि सरकारचं म्हणणं असं की पासपोर्ट हे एका राष्ट्रानं दुसऱ्याला लिहिलेलं शिफारसपत्र आहे. कोणाची शिफारस करायची ही सरकारची मर्जी. नकाराला कारण द्यायची गरज नाही. अर्ज करायचा, हमीदार शोधायचे, आणि वाट पाहायची.

ती मर्जी मोडली ती मोटारीचे सुटे भाग आयात करणाऱ्या एका व्यापाऱ्यामुळे. सरकारनं सतवंतसिंग साहनी यांना पासपोर्ट परत करायला सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 एप्रिल 1967 रोजी सरन्यायाधीश सुब्बाराव यांच्या पीठानं तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला: परदेशी जाणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्यावाचून तो कोणालाही हिरावून घेता येणार नाही. सरकारची धावपळ उडाली. मे महिन्यात वटहुकूम, 24 जूनला पासपोर्ट कायदा. नकार द्यायचा तर कोणत्या कारणांनी, ती कारणं लिहून ठेवायची, आणि त्यावर अपील करता येईल, हे सगळं पहिल्यांदा कागदावर आलं. त्याच कायद्याखाली 1977 मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त झाला आणि 25 जानेवारी 1978च्या निकालानं न्यायालयानं आणखी एक पाऊल टाकलं: नुसता कायदा असून भागत नाही, त्याची रीतही न्याय्य हवी. आज घटनेच्या वर्गात 21वं कलम शिकवतात ते या दोन पासपोर्टांच्या आधारानं.

खानखोज्यांनी हे पाहिलं नाही. 1967च्याच जानेवारीत, साहनी निकालाच्या सुमारे तीन महिने आधी, ते नागपुरात वारले. शेवटची वर्षं त्यांनी इथे कोणाच्या फारशा नजरेत न येता काढली. चापिंगोत ज्याच्या हातच्या मक्यावर शेतकरी जगले, त्याचं नाव नागपुरातल्या किती जणांना ठाऊक होतं हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उत्तर आजही बदललेलं नाही.

मात्र 1920चा तो कायदा, गदरवाल्यांच्या भीतीतून निघालेला, 'पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा' असं नवं नाव लावून स्वतंत्र भारतात जगत राहिला. तो रद्द झाला तो इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, 2025 हा नवा कायदा 1 सप्टेंबर 2025 रोजी अमलात आला तेव्हा. एकशे पाच वर्षं. ज्यांना दाराबाहेर ठेवायला तो केला, त्यांतलं कोणीच तोवर उरलं नव्हतं.

आता नागपूरकराची अडचण पासपोर्टची राहिलेली नाही. पोलीस पडताळणी झाली की पुस्तक टपालानं घरी येतं, 2017 पासून तर पोस्टाच्या कचेऱ्यांतही हे काम होऊ लागलं. अडचण आहे व्हिसाची. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी अजून बहुधा मुंबईच गाठावी लागते. रात्री दुरांतोत किंवा विदर्भ एक्स्प्रेसमध्ये फायली छातीशी धरून झोपलेली मुलं आणि त्यांच्याबरोबर आलेले वडील ओळखू येतात. बँकेची पासबुकं, विद्यापीठाची पत्रं, आणि घोकून ठेवलेलं एक उत्तर, की शिकून मी परत येणार.

2022 मध्ये लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते चापिंगोच्या विद्यापीठात डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. तो पाहायला जायचं असेल तर मेक्सिकोचा व्हिसा काढावा लागतो. खिशात अमेरिकेचा वैध व्हिसा असेल, तर मात्र मेक्सिको वेगळा मागत नाही.